ट्रान्सपोर्ट कंपनीत नवीन ड्रायव्हर म्हणून लागताय? मग आधी उभी गाडी शिका

नाशिकला आमच्या यार्डाच्या गेटवर दर सोमवारी दोन-तीन पोरं येऊन उभी राहतात. कुणी सिन्नरचा, कुणी पेठ-सुरगाण्याकडचा, कुणी मनमाडहून पहाटेची गाडी पकडून आलेला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत लायसन आणि आधारची झेरॉक्स. बहुतेकांनी गावात पिकअप नाहीतर एखाद्या शेठची आयशर चालवलेली असते. "गाडी येते का?" म्हटलं की मान ताठ होते. "बिल्टीवर काय काय लिहिलेलं असतं?" म्हटलं की तीच मान खाली. बिल्टी म्हणजे मालासोबत जाणारी वाहतुकीची पावती.

मी १९ वर्षं स्टिअरिंगवर काढली आणि आता नव्या ड्रायव्हरांना तयार करायचं काम करतो. एवढ्या वर्षांत कामावरून गेलेली बरीच पोरं पाहिली. गाडी हाकता येत नाही म्हणून गेलेला विरळा. बाकीचे चुकले ते गाडी उभी असताना. वजनकाट्यावर, माल चढवायच्या डॉकवर, ढाब्यावर, कॅशियरच्या खिडकीपाशी. त्यामुळे पुढे गिअर-क्लचपेक्षा उभ्या गाडीच्याच गोष्टी जास्त सापडतील.

आधी लायसन

ट्रक-ट्रेलरला ट्रान्सपोर्टचं लायसन लागतं. त्यासाठी वय २० पूर्ण पाहिजे आणि हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन वर्ष झालेलं पाहिजे. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. कुणी एजंट त्या नावाखाली पैसे मागत असेल तर सरळ उठून या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी हलक्या लायसनवर चालवता येते. तो निकाल मोबाइलवर दाखवून काही पोरं दहाचाकीवर बसायला बघतात. अरे बाबा, दहाचाकी रिकामीच त्याच्या वर भरते.

ट्रान्सपोर्टचं लायसन ५ वर्षं चालतं. मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवसांची सवलत असायची, ती आता नाही. संपलं त्या दिवसापासून तुम्ही विनालायसन, आणि तेव्हा गाडी कुठे लागली तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात पेठ रोडच्या आरटीओत धावपळ करायचं कारण नाही. तीच तारीख घरच्या कॅलेंडरवर बायकोला लिहून ठेवायला सांगा, ती विसरत नाही.

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथल्या टँकरवर जायचा विचार असेल तर धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण घेऊन लायसनवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद ३ वर्षांची असते. पगार बरा असतो, पण पहिल्याच वर्षी टँकरवर चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत तेल पुढे-मागे हिंदकळतं. ब्रेक मारल्यावर गाडी थांबते आणि मग मागून तेलाचा धक्का येतो. तो अंदाज यायला आधी कोरड्या मालावर हात बसलेला हवा.

कंपनी लायसनची झेरॉक्स घेईल, ओरिजनल बघेल. ओरिजनल ठेवून घेत असेल तर देऊ नका. रस्त्यात तपासणीला डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमधलं लायसन चालतं हे खरं, पण ज्याचं ओरिजनल कपाटात अडकलंय त्याला नोकरी सोडता येत नाही, ही खरी गोष्ट आहे. बाकी कागद साधे: आधार, पॅन, बँकेचं पासबुक, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, डोळ्यांसकट मेडिकल, आणि आधी पीएफ कापला जात असेल तर त्याचा यूएएन नंबर. चष्मा असेल तर लपवू नका. रात्री समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांत फुटायला लागले की ते लपत नाही.

ट्रायल

मोठ्या कंपनीत ट्रायल घेणारा तुमचा वेग बघत नाही. तुम्ही केबिनमध्ये चढताना तोंड कुठे करता, हे तो बघतो. केबिनकडे तोंड करून, दोन हात आणि एक पाय असे तीन आधार धरून चढायचं-उतरायचं. गावाकडे आपण उडी मारतो, इथे उडी मारली की वहीत फुली. मग सीट, आरसे, बेल्ट. मग रिव्हर्स.

रिव्हर्समध्ये घाबरलात तर थांबा, खाली उतरा, मागे जाऊन बघून या. त्याने मार्क कमी होत नाहीत, उलट वाढतात. माझ्यासमोर एका पोराने चाळीस फुटी ट्रेलर लावताना चार वेळा उतरून बघितलं. बाकीची पोरं हसत होती. घेतला तोच.

निवड झाली की काही फेऱ्या जुन्या ड्रायव्हरसोबत होतात. कागदावर तुम्ही सेकंड ड्रायव्हर, व्यवहारात त्याचे चेले. त्याला नाना म्हणा, दादा म्हणा, पण नावाने हाक मारू नका. आणि तो गाडी बांधत असताना केबिनमध्ये मोबाइल बघत बसू नका. या फेऱ्यांत त्याच्याकडून गाडी चालवणं शिकायचं नसतं. तो सुपरवायझरशी काय बोलतो, कुठल्या पंपावर झोपतो, कुठल्या कागदावर सही करायला नाही म्हणतो, ते बघायचं.

पगाराचं बोलणं

हे लाजून राहून जातं आणि मग वर्षभर कुरबुर चालते. महिन्याचा ठरलेला पगार किती आणि किलोमीटर किंवा ट्रिपमागे भत्ता किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. रिकामी गाडी परत आणली तर भत्ता मिळतो का? पार्टीच्या गेटवर दोन दिवस गाडी अडकली तर हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला मिळतात की फक्त कंपनीला? वाराई आणि हमाली, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कोण देतं? पीएफ कापतात का? पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीचं कार्ड कधी मिळणार? अपघाती विमा किती रकमेचा आणि वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय?

मग येतं ॲव्हरेज, म्हणजे एका लिटरमागे किती किलोमीटर. ड्रायव्हर आणि कंपनी यांच्यातली निम्मी भांडणं इथली. कंपनी गाडीमागे लिटरचा आकडा ठरवते. समजा ४ धरलाय आणि फेरी ६०० किलोमीटरची झाली, तर हिशेबाने १५० लिटर. तुमचं १५८ गेलं तर वरचे ८ लिटर तुमच्या नावावर पडतात. म्हणून विचारायचं ते हे, की भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आहे का, घाटाच्या लाइनला सूट आहे का. नाशिकहून कुठेही निघा, घाट चुकत नाही. मुंबईला कसारा, पुण्याला मोहदरी आणि चंदनापुरी, धुळ्याला राहुड, पेठ मार्गे गुजरातला सावळघाट. सपाट रस्त्यावरचा आकडा या लाइनला लावला तर महिनाअखेर पगारातून डिझेल वजा होत राहतं.

ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण नवी पोरं एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपतात. ॲव्हरेज तर जातंच, शिवाय बंद जागेत धूर केबिनमध्ये शिरला तर माणूसही जातो.

पहाटेची फेरी

गाडी ताब्यात घेतल्यावर चावी फिरवायच्या आधी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारायची. कंपनीच्या ॲपमध्ये यादी असते, तिच्यावर बसल्या जागी टिक करत सुटू नका. ॲपला कळत नाही, पण गाडीला कळतं.

माझे उस्ताद टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन फिरायचे. प्रत्येक टायरवर एक ठोका. भरलेला टायर 'ठण्ण' करून टॉमी उडवतो, कमी हवेचा 'थप' करून गिळून टाकतो. मागच्या जोडीतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो असाच सापडतो. शंका आली की गेजने मोजायचं, तेही टायर गार असताना. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेलीच दिसते. ती जास्त समजून सोडून दिली की टायर गार झाल्यावर कमी हवेवर राहतो, कमी हवेचा टायर जास्त तापतो आणि समृद्धीच्या काँक्रीटवर दुपारी दोन वाजता फुटतो.

मग व्हील नट. नटाखालून गंजाची लाल रेघ ओघळलेली दिसली तर तो नट ढिला आहे. मग कमानपाटे, एखादं पान तुटलंय का. गाडीखाली जमिनीवर ओला डाग आहे का, असेल तर बोट लावून बघा, तेल की पाणी. हवेच्या टाकीतलं पाणी सोडा. पावसाळ्यात ते बरंच निघतं आणि तेच पाणी ब्रेकच्या लाइनमध्ये जातं. नंतर इंजिन चालू करून हवेचा काटा पूर्ण वर येऊ द्या, इंजिन बंद करा आणि गप्प उभे राहा. 'सुस्स' आवाज कुठून येतोय ते ऐका. यार्डात पहाटे पाचला शांतता असते, तेव्हाच हे ऐकू येतं. आठला रेडिओ आणि हॉर्न सुरू झाले की काही कळत नाही.

युरियाची टाकीही बघा. हा शेतातला युरिया नाही, इंजिनाचा धूर साफ करणारं द्रावण आहे. बीएस-६ गाडीत युरिया संपला की गाडी आधी इशारे देते, मग ताकद काढून घेते, नेमकी घाटात. त्या टाकीत पाणी किंवा भलतंच काही ओतणारे महाभाग आहेत. त्या दुरुस्तीचं बिल तुमच्या दोन-तीन पगारांना भारी पडेल.

जुनं पोचा पडलेलं, खरचटलेलं बंपर, फुटलेला इंडिकेटर, फाटकी ताडपत्री, सगळ्याचे फोटो काढून सुपरवायझरला पाठवा. वेळेसकट. नाहीतर आधीच्या ड्रायव्हरने ठोकलेलं तुमच्या खात्यावर चढतं.

माल भरताना केबिनमध्ये झोपू नका

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. पहिल्याच वर्षी सातपूरच्या एका कंपनीतून खोकी भरून भिवंडीच्या गोडाऊनला जायचं होतं. आदली रात्र जागून काढलेली. हमाल भरत होते, मी म्हटलं, "नाना, जरा पडतो. मोजायला कंपनीचा माणूस आहे की."

"कंपनीचा माणूस कंपनीसाठी मोजतो," नाना म्हणाले. "तुझ्यासाठी कोण मोजतंय?"

मी झोपलो. बिल्टीवर ४१२ खोकी, खाली माझी सही. भिवंडीला ४०९ निघाली. तीन खोक्यांचे पैसे माझ्या पगारातून गेले, आणि वर सहा महिने लोक मला 'चारशे नऊ' म्हणून हाक मारायचे.

तेव्हा फाळक्यापाशी, म्हणजे गाडीच्या मागच्या झडपेपाशी, उभं राहून नग मोजा. बंद कंटेनर असेल आणि मोजणी तुमच्यासमोर झाली नसेल, तर बिल्टीवर तसं लिहून मगच सही करा, आणि सीलचा नंबर कागदाशी अंकन् अंक जुळवून फोटो काढा.

वजनाचं म्हणाल तर २०१८ मध्ये मर्यादा वाढल्या. सहाचाकी ट्रकच्या पुढच्या एक्सलला ७ टन, मागच्याला ११.५, मिळून १८.५ टन, गाडीचं स्वतःचं वजन धरून. जास्त भरलं तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची, अशा दोन्ही काटापावत्या जवळ ठेवा. एकूण वजन बरोबर असूनही सगळा माल मागे लोटला असेल तर मागचा एक्सल ओव्हरलोड होतो आणि पुढची चाकं हलकी पडतात. स्टिअरिंग हलकं हलकं, लोण्यासारखं लागलं तर खूश होऊ नका, खाली उतरून माल बघा.

नाशिकच्या लाइनला दोन माल असे आहेत की ज्यांना ड्रायव्हरने समजून घ्यावं लागतं. पहिला कांदा. लासलगाव, पिंपळगावचा माल भरला की नवखा पोरगा पावसाच्या भीतीने ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळतो. कांदा श्वास घेतो. आत वाफ धरली की तो घामेजतो, आणि तीन दिवसांनी परराज्यात फाळका उघडल्यावर वास आधी खाली उतरतो, माल मागून. वरून झाका, बाजूंनी वारा खेळता ठेवा. पाऊस आला तर बाजू सोडा आणि थांबला की परत वर बांधा. हात दुखतात, पण त्या लाइनचं काम तेच आहे.

दुसरा द्राक्ष. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडकडून रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर न्हावा शेवा बंदराला धावतात. आतलं तापमान शून्य-एक अंशाच्या आसपास ठेवायचं असतं. भरताना डिस्प्लेचा फोटो, प्रत्येक थांब्यावर फोटो, पोर्टच्या रांगेत उभे राहिलात तरी फोटो. डिझेल वाचवायला अर्धा तास मशीन बंद ठेवली तर कुणाला कळणार, असं वाटतं. मशीन स्वतः सगळं नोंदवते. बागाईतदाराचं वर्षभराचं पीक तुमच्या मागे असतं.

कागद

बिल्टी, इनव्हॉइस, ई-वे बिल (जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद). गाडीचे आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी. हे सगळे एका फाइलमध्ये, आणि फाइल डॅशबोर्डवर उन्हात नाही.

ई-वे बिलातल्या दोन गोष्टी पाठ करा. एक, त्यावरचा गाडी नंबर तुमच्याच गाडीचा पाहिजे. रस्त्यात गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर नंबर बदलून घेतल्याशिवाय दुसरी गाडी हलवायची नाही. दोन, मुदत. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. घाट जाम झाला, गाडी पंक्चर झाली, दिवस उलटला, तर मुदत संपायच्या आधीच्या ८ तासांत किंवा नंतरच्या ८ तासांत ती वाढवून घेता येते. ते काम ऑफिस करतं, पण तुम्ही कळवलं तर. रात्री दोनला फोन करायला संकोचू नका. तपासणीवाल्याने गाडी बाजूला घेतली तर रस्त्यावर दिवस तुमचे जातात.

आणि न वाचता सही नाही. 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असं छापलेलं असतं. खोकी ओली असतील तर ओली लिहा.

रस्ता

शहरात अवजड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते आणि त्या वेळा बदलत राहतात. २०२७ च्या सिंहस्थाची कामं आहेत तोवर तर कालचा रस्ता आज चालू असेल असं धरू नका. निघताना ऑफिसला विचारा. मुंबईकडून धुळ्याकडे सरळ जायचं असेल तर उड्डाणपुलावरून शहर पार होतं. चुकून खाली उतरलात की समोर द्वारका, आणि मग जे होईल ते होईल. थांबायचंच असेल तर आडगावचं ट्रक टर्मिनल आहे, सर्व्हिस रोडला गाडी लावून अर्धा रस्ता खाऊ नका.

आता कसारा. इगतपुरीला घाटनदेवीपाशी हात जोडून सगळेच उतरतात, पण हात जोडण्याआधी गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. एक्झॉस्ट ब्रेक चालू. पायाचा ब्रेक दाबून धरायचा नाही. ठामपणे दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, ड्रमला वारा लागू द्यायचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की डिझेल वाचतं ही जुन्या लोकांची समजूत. आताच्या इंजिनात उतारावर गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. म्हणजे न्यूट्रलवाला जीवही धोक्यात घालतो आणि डिझेलही जाळतो. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची हवा भरायची थांबते, स्टिअरिंग दगडासारखं होतं.

जळक्या रबरासारखा, उग्र वास आला तर तो कुणाच्या तरी ब्रेकच्या लायनरचा आहे. आधी स्वतःचा समजा. रुंद जागा बघून थांबा, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, ड्रम आपोआप गार होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो. पावसाळ्यात इथे धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवा हेच जग. तेव्हा हेडलाइट डिपरवर, आणि चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात असं वाटतं.

जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कंपनीने त्या मार्गाची परवानगी दिली असेल तर घाट टळतो, आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी जाते. पण तो रस्ता सरळ आहे, आणि सरळ रस्त्यावर झोप येते. ट्रकला वेग ८० चा, डावी लेन, आणि कडेला गाडी लावून चहा-डबा काढायचा नाही. पाणी, जेवण, डिझेल यांचा विचार चढण्यापूर्वीच करा.

पार्टीच्या गेटवर

चाकण असो की अंबड, मोठ्या कारखान्यात लुंगी-चप्पल चालत नाही. सेफ्टी शूज, जॅकेट, हेल्मेट गाडीत कायम ठेवा. गेटवर मोबाइल जमा करायला लावतील, काही ठिकाणी चावी काढून घेतात. ती फोर्कलिफ्ट आत असताना गाडी हलू नये म्हणून, तुमचा अपमान म्हणून नाही.

पोचलात ती वेळ गेटच्या रजिस्टरमध्ये पडलीय का ते बघा आणि बिल्टीवर गेटवाल्याची वेळेसकट सही किंवा शिक्का घ्या. आत जायला सहा तास लागले तर हॉल्टिंग त्याच शिक्क्यावर मिळतं. गेटवाला "नंतर देतो" म्हणाला तर तिथेच हसत उभं राहायचं. पाच मिनिटांत देतो.

झोप

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिलेली शिस्त अशी होती, की दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण आता गाडीत जीपीएस आहे, केबिनमध्ये तोंडासमोर कॅमेरा आहे, जांभई दिली तरी टूं टूं करतो. पोरं त्याच्यावर टोपी टांगतात. टांगू नका. तो कॅमेरा एखाद्या दिवशी तुमची चूक नव्हती हेही दाखवेल.

पहाटे दोन ते पाच ही वेळ वाईट. सुपरवायझर म्हणेल, "गाडी लाव रे पटकन, पार्टी ओरडतेय." त्याच्याशी फोनवर वाद घालू नका. व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका आणि लिहा: 'झोप येत आहे, अमुक पंपावर थांबलो आहे, साडेपाचला निघतो.' लेखी आलं की "झोपू नको" असं लेखी उत्तर कुणी देत नाही.

थांबायचं ते उजेडात, कॅमेरा असलेल्या पंपावर, डिझेल टाकीची बाजू भिंतीकडे करून. टाकीला कुलूप असलं तरी पाइप घालणारे घालतात. सकाळी डिझेलचा काटा बघायची सवय लावा. आणि दारू रात्रीची उतरली असं आपल्याला वाटतं, मशीनला वाटत नाही. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि मोठ्या कंपनीत नोकरी त्याच दिवशी संपते.

अपघात झाला तर

जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पानेवाडीला टँकरही थांबले होते. ते कलम तेव्हा सरकारने रोखून धरलं. पण मोटार वाहन कायदा आधीपासून सांगतोच, की जखमीला उपचार मिळवून द्या आणि पोलिसांना कळवा, उशिरात उशिरा २४ तासांत. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबायची सक्ती नाही. तिथून निघा, पण सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ११२ ला फोन करून 'मी निघालोय' हे सांगत जा, म्हणजे पळाला असं कुणाला म्हणता येणार नाही. ॲम्ब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. मग ऑफिस. शेठला आधी आणि पोलिसांना नंतर, असं करू नका.

ट्रिपचा हिशेब

गाडी खाली झाली की अर्धी पोरं मोकळी झाल्यासारखी वागतात. पोचपावती हातात आल्याशिवाय ट्रिप संपत नाही. माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख, आणि काही कमी किंवा फुटलेलं असेल तर त्याची नोंद. तिचा फोटो तिथेच काढून ऑफिसला टाका. मूळ कागद पावसात भिजतो, चहात बुडतो, केबिनच्या फटीत जातो.

यार्डात आल्यावर ॲडव्हान्स किती घेतला, डिझेल कार्डावर किती गेलं, पंक्चर, पार्किंग, काट्याच्या पावत्या, सगळं एका कागदावर उतरवा आणि त्याच दिवशी कॅशियरकडे जा. पावती नसलेला खर्च तो धरत नाही, मग रागावून उपयोग नसतो. टोलचे पैसे फास्टॅगमधून कंपनीचे जातात, पण कुठे दोनदा कापले गेले असतील तर सांगून ठेवा. त्याने मांडलेला हिशेब त्याच्या वहीतच वाचा, फोटो घ्या, आणि राहिलेला भत्ता कोणत्या तारखेला जमा होणार ते त्याच्याकडून लिहून घ्या.

हे झाल्याशिवाय पुढच्या ट्रिपची चावी उचलू नका. एकदा चावी हातात घेतली की कॅशियर खिडकी लावता लावता म्हणतो, "जाऊन ये, आल्यावर बघू."